ग्लासातला दात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलंय. घरात नवरा-बायको, अकरावीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. मुलाला कोलाचं वेड. संध्याकाळी क्लासला जाताना तो 600 मिलीची बाटली घेतो आणि दोन-अडीच तास पुरवून पुरवून पितो. "मी काय एकदम ढोसत नाही, थोडं थोडं पितो," हे त्याचं म्हणणं. मध्यंतरी मुलीचा समोरचा दुधाचा दात पडला. ताईंनी तो कोलाच्या ग्लासात टाकला आणि मुलाला म्हणाल्या, "एका रात्रीत विरघळतो, बघच." सकाळी दात जसाच्या तसा, फक्त तपकिरी. मुलगा जिंकला. ताई हट्टाला पेटल्या. रोज ग्लासातला कोला बदलत राहिल्या. आठव्या दिवशी दात खडूसारखा झाला, नखाने खरवडला तर भुगा निघाला. मग ताई जिंकल्या आणि घरात कोलाबंदी लागू झाली. आता मुलगा चोरून पितो. मुलगी वेगळीच रुसलीये, तिला तो दात डबीत जपून ठेवायचा होता.

ताईंनी कोलाऐवजी लिंबू सरबत सुरू केलंय. क्लासहून आल्या आल्या ब्रश करायचा, असा मुलाला नियम घातलाय. "आम्ही चिंचा-कैऱ्या खाऊनच मोठे झालो," असं सासूबाई म्हणतात. हल्ली त्यांच्या तोंडाला कोरड पडते, म्हणून त्या दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळतात. पत्राच्या शेवटी ताईंनी जाता जाता लिहिलंय की वजनासाठी त्या स्वतः वर्षभर रोज सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेताहेत, आणि हल्ली थंड पाणी दातांना लागतं. "वय 43, चालायचंच." प्रश्न दोन: बंदी घातली ते बरोबर केलं का? आणि मुलाला पटवायचं कसं?

*

ताई,

मी दंतवैद्य असूनही पत्र वाचताना मला आधी तुमच्या लेकीचं वाईट वाटलं. तिच्याकडे शेवटी येते.

सगळं भांडण त्या प्रयोगावर उभं आहे, म्हणून पहिल्यांदा तोच घेऊ. कोलात दात विरघळतो ही गोष्ट रील्सच्या कितीतरी आधीची आहे. 1950 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक क्लाइव्ह मॅके यांनी तिथल्या संसदेच्या एका समितीपुढे साक्ष दिली होती, की कोलात ठेवलेला दात मऊ पडतो आणि विरघळायला लागतो. पुढे गोष्ट तोंडोतोंडी फिरली आणि फिरता फिरता तिची 'एक रात्र' झाली. त्यामुळे पहिल्या सकाळी तुमचा मुलगा बरोबर होता आणि आठव्या दिवशी तुम्ही. तरी तुमच्या दोघांच्याही प्रयोगातून एक गोष्ट निसटली. ग्लासात लाळ नव्हती.

मराठीने लाळेवर अन्यायच केलाय. लाळ गाळणे, लाळघोटेपणा, सगळे हलके शब्द तिच्या वाट्याला. चिंच आठवून तीच लाळ सुटली की मात्र आपण 'तोंडाला पाणी सुटलं' म्हणतो, लाळ म्हणत नाही. पण दातांच्या बाबतीत घरातलं सगळ्यात कष्टाळू माणूस तीच. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दातावर प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा चढवते, त्यामुळे आम्ल थेट दातावर पडत नाही. तिच्यात बायकार्बोनेट असतं, आपल्या खायच्या सोड्याच्या जातीचं, ते आम्लाला मारतं. आणि तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं भरलेलं असतं, की आम्लाने दाताच्या पृष्ठभागातून थोडा माल नेला, तर निवांतपणा मिळताच ती त्यातला बराचसा परत भरते.

हा 'माल' म्हणजे काय, तर दाताचं वरचं कवच. शाळेच्या पुस्तकात त्याला दंतवल्क म्हटलेलं असायचं, व्यवहारात आपण एनॅमल म्हणतो. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, पण तिच्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर जुळून येतं, एनॅमलचा थर एकदा झिजून गेला की पुन्हा उगवत नाही. दाढेच्या टोकावर तो जेमतेम अडीच मिलिमीटर असतो आणि हिरडीकडे येता येता कागदासारखा पातळ होतो. दुधाच्या दातांवर तर मुळातच निम्म्याच्या आसपास. म्हणजे प्रयोगासाठी तुम्ही घरातला सगळ्यात लेचापेचा दात निवडला होता, हेही मुलाच्या बाजूने सांगायला हवं.

तुमच्या स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असेल तर पुढचं समजायला सोपं जाईल. कापलेलं लिंबू ओट्यावर उपडं राहिलं, की तिथे पांढुरका डाग उठतो आणि पुसून जात नाही. तो डाग लिंबाचा नसतोच, लिंबाने दगडाचा वरचा तुकतुकीत थर खाल्लेला असतो. पण लिंबाचा थेंब पडल्या पडल्या पाण्याने पुसला तर? फारसं काही होत नाही. लिंबू तेच, ओटा तोच. ते किती वेळ टेकलं आणि मध्ये कोणी पुसलं का, यावर सारं ठरतं. तोंडात पुसणारी बाई म्हणजे लाळ.

आता आकडे, थोडेच. आम्लपणा पीएचवर मोजतात. साधं पाणी 7, लाळ त्याच्या आसपास. साधारण 5.5 च्या खाली गेलं की एनॅमलमधलं खनिज सुटायला लागतं. कोला 2.5 च्या जवळपास असतो. आणि पीएचची मोजपट्टी साधी नाही: एक अंक खाली म्हणजे दहापट आम्ल, तीन अंक खाली म्हणजे हजारपट. पांढरी, लिंबाच्या चवीची किंवा नारिंगी शीतपेयं सौम्य असतात असा एक समज आहे. त्यांत सायट्रिक आम्ल असतं. ते आम्ल म्हणून तर काम करतंच, शिवाय दातातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. रंग पाहून सूट देऊ नका.

यावर साखर. नेहमीच्या गोड कोलात 100 मिलीला साधारण 10-11 ग्रॅम, म्हणजे त्या 600 च्या बाटलीत पंधरा-सोळा चमचे. लेबल मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच हिशेब करू द्या. साखर दाताला थेट काही करत नाही. दातावर चिकटलेल्या थरातले जंतू ती खातात आणि त्यांच्या परीने आम्ल बनवतात. म्हणजे पहिलं आम्ल बाटलीतून आलेलं, दुसरं तोंडातच शिजलेलं. पहिल्याने झीज होते, दुसऱ्याने कीड लागते. 'डाएट' लिहिलेल्या बाटलीत दुसरा भाग टळतो, पहिला तसाच राहतो. तुमचा मुलगा उद्या तो तह घेऊन येईल, तेव्हा हे हाताशी असू द्या.

आणि इथे मी त्याच्या 'थोडं थोडं'पाशी येते. जेवणात, दारूत, पैशात, सगळीकडे आपण थोडं थोडं हा संयम मानतो. त्याने ते आपल्याच संस्कारातून उचललंय, त्याला दोष नाही. दातांना मात्र हे उलटं पडतं. 1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकी संशोधकाने माणसांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातावरच्या थरातलं आम्ल मोजलं. काही मिनिटांतच ते झपकन वाढतं आणि मग लाळेच्या कृपेने हळूहळू उतरतं. जागेवर यायला अर्धा-पाऊण तास, काहींना तासभर लागतो. आता क्लासमधला मुलगा डोळ्यांसमोर आणा. पहिला घोट सहाला. लाळ कामाला लागते, सावरत आणते, तोवर सव्वासहाचा घोट. पुन्हा पहिल्यापासून. साडेआठपर्यंत तिला एकदाही काम पुरं करू दिलेलं नाही. तोच कोला जेवताना दहा मिनिटांत संपवला असता, तर नुकसान एका फेरीचं. मी काही त्याला बाटली एका दमात संपवायला सांगत नाहीये, पंधरा चमचे साखर पोटात जाणारच आहे आणि तो विषय दातांच्या पलीकडचा आहे. पण पाच घोट पाच वेळांना विभागून घेण्यापेक्षा ते पाचही एकदाच घेतलेले बरे, एवढं त्याला सांगा. ते त्याला पटेल, कारण त्यात हिशेब आहे, उपदेश नाही.

मग बंदीचं काय? तुम्ही घातली त्यामागची काळजी मला कळते, पण तिने काय केलं बघा. घरात जेवताना उघडपणे प्यायला गेला असता तो कोला आता क्लासच्या बाहेर, रिकाम्या पोटी, लपवत प्यायला जातोय. सोळा वर्षांच्या मुलाच्या चोरीवर लक्ष ठेवणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, ते अंगावर घेऊ नका. त्यापेक्षा तह करा. आठवड्यातून एखाद-दोनदा, जेवणासोबत, लहान बाटली किंवा ग्लासभर, गार, आणि संपला की पाण्याचे दोन घोट. स्ट्रॉने प्यायलं तर पुढच्या दातांवर कमी पडतं, पण स्ट्रॉ ओठांपाशी धरून चघळत बसलं तर उपयोग शून्य. तोंडात घोळवायचं नाही, फेस करून खेळायचं नाही. क्रिकेट खेळून घामाघूम झाल्यावर आधी पाणी. त्या वेळी लाळ आटलेली असते आणि दात उघडे पडलेले असतात. रात्री झोपताना तर नकोच. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, आणि तेव्हा तोंड जवळजवळ त्या ग्लासासारखंच असतं. तुमच्या प्रयोगाच्या सगळ्यात जवळ जाणारी वेळ हीच.

क्लासला न्यायला मात्र पाण्याचीच बाटली. या एका कलमावर मी तुमच्या बाजूने ठाम आहे.

आता तुम्ही रागावाल अशा भागाकडे येते. तुम्ही कोला काढून लिंबू सरबत आणलंत. लिंबाचा रस कोलाइतकाच, कधी त्याहून जास्त आंबट, आणि त्यात साखर तुम्ही हाताने घालता. घरचं आहे, त्यात काही रसायन नाही, हे खरं. पण आम्ल कारखान्यातून आलं की झाडावरून, याची दात चौकशी करत नाहीत. आपल्या भाषेला हे केव्हाच ठाऊक होतं. 'दात आंबले' हा शब्द कैरी खाणाऱ्यांनी केलाय, कोला पिणाऱ्यांनी नव्हे. जे जे आंबट ते ते वाईट असंही मात्र नाही. ताक घ्या. ताक चांगलं आंबट असतं, तरी ते एनॅमलला ओरबाडत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, दातातून आणखी ओढून घ्यायला वावच राहत नाही. सरबताच्या जागी ताकाचा तांब्या ठेवा. मुलगा नाक मुरडेल, मिरची-कोथिंबीर वाटून लावा. साधा सोडा, गोड आणि लिंबू न घातलेला, हाही कोलापेक्षा पुष्कळच सौम्य. ज्यांना फक्त घशाला झणझणीत हवं असतं त्यांची हौस त्यावर भागते.

आणि तुमचं स्वतःचं. मुलाच्या बाटलीबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि स्वतःच्या दातांबद्दल दीड ओळ. मी मात्र त्या दीड ओळीवरच थांबले. सकाळची वेळ, रात्रभर लाळ मंदावलेली, वर लिंबू, तेही गरम पाण्यात. आम्लाचं काम उष्णतेने वाढतं, म्हणजे गार सरबतापेक्षा तुमचा गरम पेला दातांना जड. गरम असल्यामुळे तुम्ही तो सावकाश, फुंकर मारत पीत असणार. आणि त्यानंतर लगेच दात घासत असणार, बरोबर? वर्षभर, रोज. प्रामाणिकपणे मांडायचं तर मुलाच्या आठवड्यातल्या एखाद-दोन ग्लास कोलापेक्षा मला तुमच्या पेल्याची काळजी जास्त वाटते.

थंड लागणं हे 43 व्या वर्षाचं देणं नाही. बहुधा कुठेतरी एनॅमल पातळ होऊन किंवा हिरडी सरकून खालचा थर उघडा पडू लागलाय. कीड असेल, एखादी भेग असेल, तर तेही याच तक्रारीने येतं, म्हणून एकदा तपासून घ्या. घरी आरशात पुढच्या दातांच्या कडा बघा. त्या काचेसारख्या आरपार दिसतात का, दात पूर्वीपेक्षा पिवळसर आणि गुळगुळीत वाटतात का, दाढांवर छोटे खळगे पडलेत का, जुनं सिमेंट भरलं असेल तर ते आजूबाजूच्या दातापेक्षा वर आल्यासारखं लागतं का. यातलं काही आढळलं तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी लिंबू-पाण्याबद्दल त्यांना आपणहून सांगा. बहुतेक जण सांगत नाहीत, कारण ते 'औषध' म्हणून घेत असतात. मी दवाखान्यात 'थंड पेय पिता का' असं विचारते, लोक छाती पुढे काढून 'कधीच नाही' म्हणतात, आणि मग बाहेर पडताना चपला घालता घालता लिंबू-पाणी निघतं. मध-लिंबाने वजन उतरतं की नाही हा वाद मी इथे काढत नाही. सकाळी गरम पाणी हवं असेल तर नुसतं प्या, लिंबू दुपारी वरणावर पिळा. जेवणात इतर गोष्टींसोबत, चावताना सुटलेल्या लाळेत, तेच लिंबू निभावून जातं.

ब्रशच्या नियमाबद्दलही थोडं. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा पेशंटना सरसकट 'खाल्लं-प्यायलं की घासा' म्हणायचे. आता म्हणत नाही. आम्लाने एनॅमलचा वरचा थर काही काळ मऊ पडलेला असतो, त्यावर ब्रश फिरला तर तो थर सहज निघतो. म्हणून मुलाने घरी आल्यावर आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि घासणं रात्री झोपतानाच करावं. नक्की किती वेळ थांबावं यावर आम्हा दंतवैद्यांत अजून कुरबूर आहे. अर्धा तास ते तासभर हा सोयीचा आकडा धरा. मात्र थांबण्याच्या नादात घासायचंच राहिलं, असं होऊ देऊ नका, ते जास्त महागात पडतं. ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची, आणि घासून झाल्यावर खळखळून चुळा न भरता नुसतं थुंकून टाकायचं, म्हणजे फ्लोराइड दातावर थोडं राहतं. फ्लोराइड बसलेला दात जास्त आम्ल सोसतो. धाकटीला पेस्ट वाटाण्याएवढीच, आणि गिळत नाही ना यावर लक्ष. राखुंडी, मिश्री, मीठ-कोळसा यातलं काही घरात कोणी वापरत असेल तर आंबटावर ते म्हणजे मऊ लाकडावर पॉलिश पेपर.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्या म्हणतात ते अर्धं खरं आहे असंही सांगा. चिंच तोंडात जाण्याआधीच लाळेचे पाट सुटतात, आणि भराभर सुटलेल्या लाळेत बायकार्बोनेटही जास्त असतं. शिवाय चिंचा-कैऱ्या मोसमात मिळायच्या, वर भाकरी चावून चावून खाल्ली जायची, आणि दिवसभर दुसरं काही तोंडात नसायचं. पण आता त्यांच्या तोंडाला कोरड पडते. म्हणजे पुसणारी बाईच कामावर येत नाहीये, आणि त्यात दिवसभर लिमलेटची गोळी, आंबट आणि गोड दोन्ही. तुमच्या घरात ग्लासातल्या दातासारखं कोणी जगत असेल, तर त्या. कोरडेपणा बरेचदा औषधांमुळे येतो. ॲलर्जीच्या, रक्तदाबाच्या, मन शांत ठेवणाऱ्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते, मधुमेहातही होते. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा आणि कोरडेपणाचं नाव काढा, पण कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तोवर लिमलेटऐवजी पाण्याचे घोट. चघळायलाच हवं असेल तर बिनसाखरेचं च्युइंगगम किंवा चिमूटभर साधी बडीशेप, रंगीत साखरेची नव्हे.

मुलाला पटवायचं कसं, हा तुमचा दुसरा प्रश्न. भीती घालून तुम्ही पाहिलंत, पहिल्याच सकाळी ती फुकट गेली. आता त्याला नवा प्रयोग द्या. कडप्प्याचा एखादा तुटका तुकडा घ्या, मार्बल-फरशीच्या दुकानात फुकट मिळतो. एका कोपऱ्यात लिंबाचा रस एकदाच टाकून मिनिटभराने पाण्याने पुसायचा. दुसऱ्या कोपऱ्यात तेवढाच रस थेंब थेंब करून दोन तास टाकत राहायचा, पुसायचं नाही. कडप्पा म्हणजे दात नव्हे, हे तो स्वतःच म्हणेल, आणि तेव्हा लाळेचा विषय काढायला तुम्हाला आयती जागा मिळेल. थेंब त्यालाच टाकू दे. आणि सकाळच्या पेल्याबद्दल तुम्ही त्याला आधीच सांगून टाका, की 'माझंही चुकत होतं.' त्याला हे ऐकायला फार आवडेल.

तेवढं लेकीचं राहिलं. दात ग्लासातून काढा, धुऊन, पुसून, कोरडा करून तिच्या डबीत ठेवा, भुगा झालेल्या कोपऱ्यासकट. आणि पुढचा दात पडेल तेव्हा तो कुणाच्या ग्लासात जाणार नाही, असं तिच्यासमोर दादाकडूनही कबूल करून घ्या.